अपघातातला पेशंट दारातूनच परत पाठवला, कायदा नेमका काय म्हणतो?

कृष्णाकाठ

नमस्कार. मी एरवी नुसती वाचत असते, आज पहिल्यांदा धागा काढतेय. सव्वा महिना झाला तरी मनातून जात नाही, म्हणून लिहून काढते. कुठल्याही दवाखान्याचं नाव घेणार नाही, कृपया कुणी विचारू नका.

माझा थोरला भाऊ संध्याकाळी डेअरीत दूध घालून मोटारसायकलवरून घरी येत होता. फाट्यावर मागून टेम्पोनं उडवलं. टेम्पो थांबला नाही. पाठोपाठ येणाऱ्या वडापच्या जीपवाल्यानं आपल्या गाडीतली माणसं खाली उतरवली, सीटवर पोती अंथरली आणि दादाला आडवं घातलं. दादाच्याच फोनवरून मला फोन लावला. "ताई, भाऊंना लागलंय, शुद्धीवर आहेत. मोठ्या दवाखान्यात आणतोय, तिथंच या." मी तालुक्याच्या गावात राहते, त्यामुळे जीप पोचायच्या आधी मी दारात उभी होते.

बाहेर लाल अक्षरांत पाटी आहे, '२४ तास अपघात व अतिदक्षता विभाग'. जीप त्या पाटीखालीच लागली. दादाची उजवी मांडी एवढी फुगली होती की पँट ताणून फाटायला आलेली. पाऊल भलतीकडेच वळलेलं. ओठ पांढरेफटक आणि सारखा पाणी मागत होता. मी आत पळाले. काउंटरवरच्या माणसानं विचारलं, "पडलेत का गाडीची धडक?" धडक म्हटल्यावर त्यानं हातातलं पेन खाली ठेवलं. "ॲक्सिडेंट आम्ही घेत नाही. पोलीस केस असते. सिव्हिलला न्या." मी म्हटलं, निदान डॉक्टरांना एकदा बघू तरी द्या. "डॉक्टर राउंडला आहेत." स्ट्रेचर भिंतीला लावलेलं होतं. वॉचमन त्याच्याशेजारीच उभा होता, पण आतून सांगितल्याशिवाय हलवता येत नाही म्हणाला. दारापासून जीपपर्यंत फार तर वीस पावलं. तेवढी चालून कुणीही बाहेर आलं नाही.

दुसऱ्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टर लगेच आले, नाडी बघितली, आत घ्या म्हणाले. पण आयसीयूच्या दारात गाडी अडली. पन्नास हजार डिपॉझिट भरल्याशिवाय फाइल उघडत नाही. माझ्या खात्यात अठ्ठावीस होते. हे घ्या, बाकीचे सकाळी आणून देते म्हटलं, तर अर्धे घेता येत नाहीत. मिस्टरांनी गावाहून पाठवायला घेतले, तर दुपारीच खताचं बिल भागवल्यामुळे त्यांच्या फोनवरची दिवसाची मर्यादा संपलेली. मी काउंटरवर हातापाया पडत होते तेवढ्यात एका सिस्टरनं कुणाला न विचारता दादाच्या पायाला दोन बाजूंनी जाड पुठ्ठे लावून बँडेज गुंडाळलं आणि हाताला सलाईन लावली. सिव्हिलच्या डॉक्टरांनी नंतर सांगितलं, तेवढं झालं म्हणून माणूस आमच्यापर्यंत पोचला.

सिव्हिल तिथून चाळीस किलोमीटर. रक्ताच्या चार पिशव्या, मांडीत रॉड. बराच वेळ बीपी खाली राहिल्यामुळे किडन्यांवर परिणाम झाला, तीन वेळा डायलिसिस करावं लागलं. आता दादा घरी आहे, वॉकर धरून चार पावलं टाकतो.

मला कुणावर सूड उगवायचा नाही. पण त्या रात्री काउंटरसमोर माझ्या तोंडून विनवणीपलीकडे एक शब्द निघाला नाही, हे फार लागलंय. दवाखाना असं परत पाठवू शकतो का? कायद्यानं त्यांच्यावर काही बंधन आहे का? आणि असेल तर मी तिथे काय म्हणायला हवं होतं?

सांजवात

कृष्णाकाठताई, वाचताना हात गार पडले. दादांना लवकर बरं वाटो. आमच्या सासऱ्यांना छातीत दुखायला लागलं तेव्हा "आधी कार्ड कुठलं आहे ते सांगा" असं ऐकलं होतं. त्या वेळी मलाही काही सुचलं नव्हतं. जाणकारांनी नक्की लिहा.

काळा डगला

ताई, मी वीस वर्षं जिल्हा न्यायालयात वकिली करतो, मोटार अपघाताचे दावे हेच माझं मुख्य काम. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे. नाही, परत पाठवू शकत नाही. पहिल्या दवाखान्यानं केलं ते तर नेमकं तेच, ज्यावर सर्वोच्च न्यायालयानं १९८९ सालीच निकाल दिलेला आहे.

परमानंद कटारा विरुद्ध भारत सरकार असं त्या खटल्याचं नाव. एका स्कूटरवाल्याला भरधाव मोटारीनं उडवलं. जवळच्या दवाखान्यात नेलं तर तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, ही मेडिको-लीगल, म्हणजे पोलिसांना कळवावी लागणारी केस आहे, आम्ही घेत नाही, अमुक दवाखान्यात न्या. तो दवाखाना वीस किलोमीटर लांब. माणूस वाटेत गेला. ही बातमी वर्तमानपत्रात आली आणि ती घेऊन कटारा कोर्टात गेले. कोर्टानं सांगितलं की घटनेच्या कलम २१ नं दिलेला जगण्याचा हक्क जपणं हे काम सरकारी डॉक्टरचं आहे तसंच खासगी डॉक्टरचंही. जखमी माणूस निरपराध असो की गुन्हेगार, आधी त्याचा जीव वाचवायचा, पोलिसांचं आणि कागदांचं नंतर. कुठलाही कायदा किंवा सरकारी नियम या कर्तव्याच्या आड येऊ शकत नाही. न्या. रंगनाथ मिश्र आणि न्या. ओझा यांचं खंडपीठ होतं. हा निकाल लोकांपर्यंत पोचावा म्हणून तो आकाशवाणी-दूरदर्शनवरून सांगावा असंही त्यांनी म्हटलं होतं. तरी छत्तीस वर्षांनंतर तुमच्या तालुक्यात "पोलीस केस" हे शब्द कारण म्हणून पुढे केले जातात, याचं मला वकील म्हणून फार वाईट वाटतं.

शिवाय मोटार वाहन कायदा, १९८८, कलम १३४. रस्त्यावरच्या अपघातातला जखमी आला की कामावर असलेल्या डॉक्टरनं कुठल्याही औपचारिकतेची वाट न बघता ताबडतोब उपचार सुरू करायचे, असं कर्तव्य तिथे लिहिलेलं आहे. यात सरकारी-खासगी भेद नाही.

आता सरकारी दवाखान्यांबद्दलही सांगतो, कारण खासगीवाले लगेच म्हणतात की सरकारला कोण विचारतो. १९९२ मध्ये बंगालमध्ये एक शेतमजूर रेल्वेतून पडला, डोक्याला मार लागून मेंदूत रक्तस्राव. आधी आरोग्य केंद्र, मग कलकत्त्यातले सरकारी दवाखाने एकामागून एक. कुठे खाट नाही, कुठे सोय नाही. शेवटी त्याला खासगीत पैसे भरून उपचार घ्यावे लागले. त्याच्या संघटनेनं, म्हणजे पश्चिम बंग खेत मजदूर समितीनं लढा दिला. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं की सरकारी दवाखान्यात वेळेवर उपचार न मिळणं हा कलम २१ चा भंग आहे. राज्य सरकारला पंचवीस हजार भरपाई द्यायला लावली आणि पैशांची चणचण ही सबब सरकारला सांगता येणार नाही, हे स्पष्ट केलं.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या. कायद्याचं बंधन आहे ते पेशंटला स्थिर करण्याचं. संपूर्ण उपचार तिथेच आणि फुकट झाले पाहिजेत असं नाही. स्थिर केल्यावर, सोय नसेल तर, व्यवस्थित दुसरीकडे पाठवता येतं.

उभा डांब

वकीलसाहेब, माहिती मोलाची आहे, पण मनापासून विचारतो. रात्री साडेसातला काउंटरवरच्या पगारी पोराला १९८९ चा निकाल सांगून काय होणार? त्याला मालकानं सांगितलंय तेवढंच तो करणार. माझ्या चुलतभावाच्या वेळी आम्ही पाचजण भांडत बसलो आणि त्या भांडणात वीस मिनिटं गेली. तो वाचला नाही. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगतो, भांडू नका, सरळ सिव्हिल गाठा.

दहा खाटा

मी डॉक्टर आहे. तालुक्याच्या ठिकाणी छोटा दवाखाना चालवतो, मी आणि बायको दोघंच. नावातच खाटांची संख्या आहे.

ताई, पहिल्यांदा हे सांगतो की जीपपर्यंत न येणं याला कुठलंच समर्थन नाही. माझ्याकडे सर्जन नसेल, रक्तपेढी नसेल, भूलतज्ज्ञ शहरातून यायला तास लागत असेल, पण माझे डोळे आणि माझे हात तर माझ्याकडे असतात.

लोकांना वाटतं स्थिर करणं म्हणजे मोठी यंत्रसामग्री. तुमच्या भावाच्या बाबतीत बघा. मांडीचं हाड मोडलं की बाहेर एक थेंब न सांडता आतल्या आत लिटर-दीड लिटर रक्त जमा होऊ शकतं. मांडी फुगणं, ओठ पांढरे पडणं, सारखी तहान लागणं ही सगळी रक्त कमी पडत असल्याची लक्षणं. अशा पेशंटला पाय हलणार नाही असा बांधायचा, दोन मोठ्या सुया लावून सलाईन सुरू करायची, ऑक्सिजन द्यायचा, अंगावर पांघरूण घालायचं, कुठून आणखी रक्त जातंय का ते बघायचं. मग पुढच्या दवाखान्याला फोन करून सांगायचं, असा असा पेशंट निघालाय, रक्त तयार ठेवा. हे सगळं माझ्या दहा खाटांच्या दवाखान्यात पंधरा मिनिटांत होतं. तुमच्या त्या सिस्टरनं यातलं निम्मं काम पुठ्ठ्यावर केलं. त्यांना माझा नमस्कार सांगा. पाय बांधला नसता तर जीपच्या प्रत्येक धक्क्याला हाडाची टोकं आत हलत राहिली असती आणि रक्त जात राहिलं असतं.

आता डॉक्टर मागे का सरतात तेही ऐका. पैशाचा भाग आहे, नाही म्हणणार नाही. पण भीतीचाही आहे. पेशंट टेबलावर गेला तर बाहेरची पन्नास माणसं काचा फोडतात. आमच्या भागात दोन दवाखान्यांनी रात्रीचं काम याच कारणानं बंद केलं. डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्ध आपल्या राज्यात २०१० चा कायदा आहे, पण पोलीस येईपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. दुसरी भीती कोर्टाच्या तारखांची. अपघाताची केस घेतली की साक्षीला चार-पाच वेळा दवाखाना बंद ठेवून जायचं. वकीलसाहेबांनी सांगितलेल्या १९८९ च्याच निकालात डॉक्टरांना विनाकारण कोर्टात खेटे घालायला लावू नका असंही म्हटलेलं आहे, तो भाग कुणी पाळत नाही.

कृष्णाकाठ

डॉक्टरसाहेब, तुमचा प्रतिसाद दादाला वाचून दाखवला. लिटर-दीड लिटर ऐकून तो बराच वेळ मांडीवर हात ठेवून बसला होता. तुमची भीती मला समजते. आमच्याबरोबर तर फक्त एक जीपवाला आणि मी होते.

उभा डांब, तुमच्या भावाचं वाचून वाईट वाटलं. मलाही नेमकं हेच कळत नाही, तिथे थांबून बोलायचं की पुढे निघायचं?

रात्रपाळी

मी सरकारी कॅज्युअल्टीत सिस्टर आहे, तेवीस वर्षं झाली. दाराच्या आतल्या बाजूनं लिहिते.

आधी एमएलसीचा, म्हणजे त्या मेडिको-लीगल केसचा बागुलबुवा काढून टाकू. एमएलसी म्हणजे एक नोंद. अपघात, मारामारी, विष, भाजणं असं काही आलं की डॉक्टर रजिस्टरमध्ये नाव, वेळ, जखमा, कुणी आणलं ते लिहितात आणि पोलीस चौकीला कळवतात. बस्स. पोलीस नंतर येतात, जबाब नंतर घेतात. ते काम खासगी डॉक्टरलाही करता येतं, फक्त सिव्हिलनंच करायचं असं काही नाही. आमच्याकडे तर बऱ्याचदा नोंद होते तेव्हा पेशंट एक्स-रेला गेलेला असतो.

आता ताईंचा प्रश्न. काउंटरवरच्या माणसाशी वाद घालू नका, त्याच्या हातात काही नसतं. "ड्युटीवरच्या डॉक्टरांना बोलवा, त्यांनी पेशंट बघू दे" हे एकच वाक्य शांतपणे पण मोठ्यानं म्हणत राहा. त्याच वेळी बरोबरच्या माणसानं १०८ ला फोन लावायचा. आपल्या राज्यात ही सेवा २०१४ पासून आहे, गाडीत डॉक्टर असतो, आणि तुमच्या फोनची वेळ त्यांच्याकडे नोंदली जाते. डॉक्टर येऊन नाही म्हणाले तर म्हणायचं, "हरकत नाही. पेशंट इतक्या वाजता आला, बघितला, आम्ही घेऊ शकत नाही, एवढं कागदावर लिहून सही द्या." मी पुष्कळदा बघितलंय, लेखी मागितलं की स्ट्रेचर हलतं. आपल्या सहीनं नकार द्यायचा म्हटलं की प्रत्येकजण विचार करतो.

तरीही नाहीच हललं तर घड्याळ बघून निघा. उभा डांब म्हणतात ते त्या पुढच्या मिनिटांसाठी अगदी बरोबर आहे. तास घालवायचा नाही.

आणि रेफर करत असतील तर रेफरची चिठ्ठी घेतल्याशिवाय गाडी हलवू नका. त्यावर आल्याची वेळ, निघाल्याची वेळ, नाडी, बीपी, काय औषध दिलं ते पाहिजे. आमच्याकडे पेशंट येतो, नातेवाईक म्हणतात "तिथे एक इंजेक्शन दिलंय", कसलं ते माहीत नसतं. मग पुढचं द्यायला आमचा हात थबकतो.

मळ्याकडची वाट

हे सगळं रस्त्यावरच्या अपघाताचं झालं. हार्ट ॲटॅक, साप चावणं, बाळंतपण यांचं काय? आमच्या वस्तीवरची एक पोर नऊ महिन्यांची गरोदर असताना रात्री झटके यायला लागले. दोन ठिकाणी दारं बंद मिळाली.

काळा डगला

चांगला प्रश्न. कलम १३४ मोटार अपघातापुरतंच आहे, पण कलम २१ सगळ्यांना आहे. शिवाय डॉक्टरांच्या आचारसंहितेत, म्हणजे वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांत, डॉक्टरला पेशंट निवडायचं स्वातंत्र्य दिलेलं आहे, मात्र तातडीच्या वेळी बोलावलं तर गेलंच पाहिजे अशी अट त्याच वाक्याला जोडून आहे. विधी आयोगानं २००६ च्या आपल्या २०१ व्या अहवालात अपघातग्रस्तांबरोबर तातडीची स्थिती आणि प्रसूतिवेदना सुरू झालेल्या बायका यांचाही स्वतंत्र विचार करून कायद्याचा मसुदाच दिला होता. २०१० मध्ये केंद्रानं वैद्यकीय आस्थापना कायदा केला. त्यात दवाखान्याची नोंदणी टिकायची तर आलेल्या पेशंटला उपलब्ध माणसं आणि साधनांनिशी स्थिर केलंच पाहिजे अशी अट आहे. आपल्या राज्यानं मात्र तो कायदा स्वीकारला नाही. इथे १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदाच चालतो. २०२१ मध्ये त्याचे नियम सुधारले, रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणं बंधनकारक झालं. तुमच्या गावातल्या दवाखान्यात जाऊन भिंतीवर ती सनद आहे का ते बघा.

धर्मादाय दवाखान्यांना याहून कडक बंधन आहे. ट्रस्टच्या नावानं सवलती घेतलेल्या दवाखान्यांनी दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या, हे बहुतेकांना ऐकून माहीत असतं. पण मुंबई उच्च न्यायालयानं २००६ मध्ये मंजूर केलेल्या त्या योजनेत तातडीच्या पेशंटबद्दलही लिहिलं आहे. लगेच दाखल करायचं, स्थिर होईपर्यंत जीव वाचवणारे उपचार द्यायचे आणि त्यासाठी डिपॉझिट मागायचं नाही. २०२५ च्या मार्चअखेरीस पुण्यात एका गर्भवतीच्या मृत्यूनंतर डिपॉझिटवरून राज्यभर जो संताप झाला, तो याच मुद्द्यावर होता.

बलात्कार किंवा ॲसिड हल्ल्यातल्या पीडितेला तर प्रत्येक दवाखान्यानं, खासगीनंसुद्धा, मोफत उपचार द्यायचे आहेत. नवीन नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३९७. नाकारले तर न्याय संहितेच्या कलम २०० खाली एक वर्षापर्यंत कैद आहे. तातडीच्या बाकी पेशंटसाठीही अशी सरळ शिक्षा असती तर काउंटरवरची भाषा बदलली असती, असं माझं ठाम मत आहे.

हडसनपार

मी न्यू जर्सीत एका इमर्जन्सी विभागात नर्स आहे, मूळची कराडची. इथे १९८६ पासून एम्टाला नावाचा केंद्राचा कायदा आहे. सरकारच्या मेडिकेअर या आरोग्य विमा योजनेत असलेल्या आणि इमर्जन्सी विभाग चालवणाऱ्या कुठल्याही हॉस्पिटलच्या दारात कुणीही आलं, तर आधी तपासायचं, तातडीची स्थिती असेल तर स्थिर करायचं. विमा आहे का, पैसे कसे भरणार, हे विचारण्यासाठी तपासणी थांबवायची नाही. आमच्या वेटिंग रूममध्ये त्याची पाटी इंग्रजीत आणि स्पॅनिशमध्ये आहे. मोडला तर हॉस्पिटलला आणि डॉक्टरला दोघांनाही मोठा दंड, मेडिकेअरमधून बाहेर पडण्याची टांगती तलवार वेगळी. त्यामुळे कामावर रुजू झालेल्या नवीन रिसेप्शनिस्टला पहिल्या आठवड्यात हेच शिकवतात.

पण इथलं सगळं सोनं आहे असं म्हणणार नाही. बिल नंतर येतं आणि ते पाहून माणसं खचतात. पैशाच्या धास्तीनं छातीतली कळ दाबून घरी बसलेली माणसं मी बघितली आहेत. दार उघडं आहे एवढं मात्र खरं.

उभा डांब

तोच तर मूळ प्रश्न आहे. पैसे कोण देणार? डॉक्टरांनी स्थिर केलं, दोन दिवस आयसीयूत ठेवलं, पेशंट अनोळखी निघाला, तर बिल कुणाच्या नावावर?

दहा खाटा

अगदी बरोबर. राजस्थाननं २०२३ मध्ये आरोग्य हक्काचा कायदा केला, त्यात पैसे आगाऊ न घेता तातडीचे उपचार द्यायचे असं घातलं. तिथल्या खासगी डॉक्टरांनी मोठं आंदोलन केलं. बाहेरून ते निष्ठुर दिसलं, पण त्यांचा प्रश्न हाच होता की सरकार पैसे कधी आणि कसे देणार ते स्पष्ट सांगा. मी त्यांच्या पद्धतीशी सहमत नाही, दवाखाने बंद ठेवून गरिबांचेच हाल झाले. प्रश्न मात्र खरा होता.

रस्ते अपघातापुरतं आता उत्तर आलेलं आहे आणि ते फार कमी लोकांना माहीत आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये दुरुस्ती झाली, त्यात अपघातानंतरचा पहिला तास, ज्याला गोल्डन अवर म्हणतात, त्यात बिनपैशांच्या उपचारांची योजना करायला सांगितलं होतं. वर्षानुवर्षं ती झाली नाही. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सरकारला खडसावलं, आणि मे २०२५ मध्ये योजना अधिसूचित झाली. अपघातापासून सात दिवसांपर्यंत, एका जखमीमागे दीड लाखापर्यंतचा खर्च योजनेतून, नेमलेल्या दवाखान्यात. म्हणजे आता "पैसे कोण देणार" ही सबब दवाखान्याला निदान अपघाताच्या पेशंटसाठी सांगता येणार नाही. पैसे वेळेवर मिळतात का, यावर तिचं यश ठरेल. मिळाले तर माझ्यासारखे छोटे दवाखाने स्वतःहून पुढे येतील.

सांजवात

त्या जीपवाल्याबद्दल कुणीच काही लिहिलं नाही. त्याला नंतर पोलिसांचा त्रास झाला का? आमच्याकडे लोक याच भीतीनं जखमीला हात लावत नाहीत.

काळा डगला

त्रास होऊ नये अशी तरतूद आहे. सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०१६ मध्ये मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वं बंधनकारक केली आणि २०१९ मध्ये कलम १३४-अ आलं. जखमीला आणणाऱ्यावर नाव-पत्ता सांगायची किंवा साक्षीदार व्हायची सक्ती नाही. तो नातेवाईक नसेल तर दवाखान्यानं त्याला अडकवून ठेवायचं नाही, त्याच्याकडे पैसे मागायचे नाहीत. उलट जखमीला गोल्डन अवरमध्ये पोचवणाऱ्याला केंद्राकडून पंचवीस हजारांचं बक्षीस आहे.

कृष्णाकाठताई, आता तुमच्या तक्रारीबद्दल. पहिलं काम, दोन्ही खासगी दवाखान्यांना त्या संध्याकाळचं सीसीटीव्ही जपून ठेवण्याचं पत्र द्या, हाती द्या आणि पोच घ्या. सव्वा महिना झालाय, बऱ्याच ठिकाणी जुनं चित्रण आपोआप पुसलं जातं, तरी पत्र द्याच. दुसरं, दुसऱ्या दवाखान्याकडे आणि सिव्हिलकडे केसपेपरच्या प्रती मागा. अर्ज दिल्यापासून ७२ तासांत द्यायच्या असतात. तिसरं, खासगी दवाखान्याची नोंदणी ज्यांच्याकडे असते त्यांच्याकडे लेखी तक्रार करा, डॉक्टरविरुद्ध वैद्यक परिषदेकडेही करता येते. ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येतं. कलकत्त्यातल्या एका विद्यार्थ्याच्या बाबतीत पैसे भरले नाहीत म्हणून सुरू केलेले उपचार थांबवले होते, तेव्हा २००५ मध्ये राष्ट्रीय आयोगानं दवाखान्याला दहा लाखांची भरपाई द्यायला लावली.

सगळ्यात अवघड जातं ते वेळ सिद्ध करणं. किती वाजता पोचलात, किती वाजता निघालात. तेवढं जमवा.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. चार दिवस लिहायला जमलं नाही, कारण सांगते.

वेळेचं वाचून मी जीपवाल्या भाऊंना फोन केला. पोलिसांनी त्यांचा फक्त नंबर लिहून घेतला होता, त्रास काही दिला नाही. ते रविवारी घरी आले, बरोबर दादाची दुधाची किटली. त्या संध्याकाळी जीपमध्येच राहिली होती, घासून आणली होती. त्यांच्या फोनमधली यादी बघितली. पहिल्या दवाखान्याच्या दारातून त्यांनी स्वतःच्या घरी फोन केला होता, "उशीर होईल, जखमी घेऊन आलोय", सात वाजून सहा मिनिटं. आणि दुसऱ्या दवाखान्याच्या वाटेवरून मिस्टरांना रस्ता विचारला, सात एकतीस. मधली पंचवीस मिनिटं त्या पाटीखालची.

काल पहिल्या दवाखान्यात गेले. भिंतीवर सनद शोधली, दिसली नाही, फोटो काढला. काउंटरवर तोच मुलगा होता. त्यानं मला ओळखलं, मी काही बोलायच्या आधी विचारलं, "तुमचे भाऊ कसे आहेत?" बरे आहेत म्हटलं. मग पत्र पुढे केलं आणि पोच मागितली. तो दोन मिनिटं पत्र वाचत बसला. मग आत जाऊन शिक्का घेऊन आला. शिक्का मारला, तारीख घातली आणि खाली सही करताना स्वतःहून वेळही लिहिली.